चेतासंस्था : बिघाड नेमका कोठे झाला?

चेतासंस्थेविषयी आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहे. कोणी पाठ्यपुस्तकातील आकृतीविषयी विचारले आहे, कोणी शेतातील विषबाधेविषयी, तर कोणी घरातील रुग्णाविषयी. परंतु या सर्व पत्रांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. शरीरात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारा संदेश वाटेत नेमका कोठे अडला, किंवा कोठे अनावर झाला, हे कळले की लक्षणांचा अर्थ लागतो आणि उपचारांची दिशाही त्यावरूनच ठरते. चेतासंस्था आणि मज्जासंस्था ही एकाच संस्थेची दोन प्रचलित नावे असून येथे शालेय पुस्तकातील पहिले नाव वापरले आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. चेतासंस्थेच्या धड्यातील मोठा मेंदू, लहान मेंदू, मस्तिष्कपुच्छ, १२ जोड्या, ३१ जोड्या हे सारे तो पाठ करतो. पण या भागांचा एकमेकांशी संबंध काय, असे विचारले तर गप्प बसतो. त्याला हे कसे समजावून सांगावे? (सातारा)

उत्तर : आकृतीच्या वरच्या टोकापासून, म्हणजे मेंदूपासून, सुरुवात करण्याऐवजी एका चेतापेशीपासून सुरुवात करून पाहावी. चेतापेशीचे तीन भाग असतात. आखूड, फांद्याफांद्यांच्या वृक्षिका दुसऱ्या पेशींकडून आलेले संदेश घेतात, पेशीकाय त्या सर्वांची गोळाबेरीज करतो, आणि एकच लांब अक्षतंतू निर्णय पुढे पोहोचवतो. पायाचा अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचा पेशीकाय पाठीच्या कण्यात असतो आणि तिचा अक्षतंतू थेट पावलापर्यंत जातो. उंच माणसात हा एका पेशीचा धागा सुमारे एक मीटर लांब भरतो. मुलाने आपल्या कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि हे सगळे अंतर एकच पेशी व्यापते असे त्याला सांगावे; ते त्याच्या नक्की लक्षात राहील.

या पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात की सुट्या असतात, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद झाला होता. इटलीतील कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने मोजक्याच चेतापेशी काळ्या रंगवण्याची पद्धत शोधली, परंतु त्यांची समजूत अशी होती की सर्व पेशी मिळून एकच अखंड जाळे बनते. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत वापरून दाखवले की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, आणि तेथील व्याख्यानातही गोल्जी जाळ्याचाच पक्ष मांडत राहिले. पुढील संशोधनाने काहाल यांचे म्हणणे खरे ठरवले. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. तिला संपर्कस्थान म्हणतात. पुढे विषबाधेविषयीच्या पत्राचे उत्तर देताना या फटीकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आता संपूर्ण रचना पाहावी. कवटीतील मेंदू आणि मणक्यांच्या पोकळीतील मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. तेथून बाहेर पडणारे आणि तेथे येणारे चेतातंतू म्हणजे परिघीय चेतासंस्था. मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या १२ जोड्या प्रामुख्याने डोळे, कान, चेहरा, जीभ व घसा यांच्याशी जोडलेल्या असतात. त्यांपैकी दहावी जोडी मात्र छातीतून उतरत हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत पोहोचते. मेरुरज्जूपासून निघणाऱ्या ३१ जोड्या हात, पाय व धड यांच्यासाठी असतात : मानेत ८, छातीच्या भागात १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीच्या भागात ५ आणि माकडहाडापाशी १. पाठांतरासाठी नव्हे, तर मार खालच्या भागाला लागला की हात का शाबूत राहतात हे समजण्यासाठी ही विभागणी उपयोगी आहे.

मोठा मेंदू विचार, भाषा, स्मृती, ऐच्छिक हालचाल आणि संवेदनांची जाणीव यांचे केंद्र आहे. लहान मेंदू तोल व हालचालींतील अचूकता सांभाळतो. मस्तिष्कपुच्छातून श्वसन, हृदयाचे ठोके व रक्तदाब यांचे नियंत्रण होते, म्हणूनच तेवढ्याशा भागाला झालेली इजा प्राणघातक ठरू शकते. ब्राझीलमधील सुझाना हर्क्युलानो-हूझेल यांच्या गटाने २००९ मध्ये मानवी मेंदूतील चेतापेशींची गणना प्रसिद्ध केली. ती सुमारे ८,६०० कोटी भरली आणि त्यांपैकी सुमारे ६,९०० कोटी चेतापेशी लहान मेंदूत आढळल्या. लहान मेंदूचे वजन मेंदूच्या एकूण वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढेच असते. सायकलवर तोल सांभाळणे, सुईत दोरा ओवणे, अक्षर वळणदार काढणे या गोष्टी आपण सहज म्हणून बाजूला सारतो. त्यांच्यामागे किती पेशी खर्ची पडतात हे मुलांना अवश्य सांगावे.

सर्वच निर्णय मेंदू घेत नाही, हेही त्याला दाखवता येईल. पाय लोंबते सोडून बसल्यावर गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंधावर हलकासा ठोका मारला की पाय पुढे उडतो. मांडीच्या स्नायूला बसलेल्या ताणाचा संदेश मेरुरज्जूत जातो आणि तेथेच मध्ये केवळ एक संपर्कस्थान ओलांडून परतीचा आदेश निघतो. मेंदूला ही घटना कळते, पण पाय उडाल्यानंतर. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात ते याच वाटेची तपासणी करण्यासाठी.

प्रश्न : चेतातंतूंमधून वीज वाहते असे म्हणतात. मग ठेच लागल्यावर पहिली कळ लगेच आणि खरा ठणका थोड्या वेळाने का जाणवतो? वीज तर क्षणात पोहोचायला हवी. (रत्नागिरी)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि त्याचे उत्तर संदेशाच्या स्वरूपातच दडलेले आहे. घरातील तारेत इलेक्ट्रॉन वाहतात, तसा प्रवाह अक्षतंतूच्या लांबीभर धावत नाही. विश्रांतीच्या स्थितीत चेतापेशीचा आतील भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. संदेश निघाला की पेशीच्या पटलातील सोडियमची सूक्ष्म द्वारे उघडतात, बाहेरील सोडियमचे धनभारित आयन आत घुसतात आणि तेवढ्या जागेपुरता आतील भाग क्षणभर धन होतो. त्यामुळे शेजारची द्वारे उघडतात, त्यांच्यामुळे त्यांच्या पुढची. दरम्यान मागची सोडियमद्वारे आपोआप मिटतात आणि पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. एका जागी हा सारा प्रकार सुमारे एका मिलिसेकंदात उरकतो. ब्रिटनमधील ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकुळ जातीच्या समुद्रजीवातील जाडजूड अक्षतंतूवर प्रयोग करून याचे गणित १९५२ मध्ये मांडले आणि १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले.

द्वारे एकामागून एक उघडण्याला वेळ लागतो, म्हणून संदेशाचा वेग मोजता येतो. हा वेग मोजण्याच्या पलीकडचा आहे, असे मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत असताना हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या चेतेवर तो मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर निघाला.

माणसाच्या शरीरात सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. काही अक्षतंतूंभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे थरांवर थर गुंडाळलेले असतात आणि ठरावीक अंतरावर ते खंडित असतात. अशा तंतूत संदेश एका खंडित जागेपासून पुढच्या खंडित जागेपर्यंत उड्या घेत जातो. सर्वांत जाड, मायलिनयुक्त तंतूंत हा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जाऊ शकतो. ठेच लागल्यावरची तीक्ष्ण कळ पातळ मायलिन असलेल्या तंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने येते. नंतरचा ठणका मायलिन नसलेल्या बारीक तंतूंतून सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढ्याच वेगाने येतो. पावलापासून मेंदूपर्यंतचे दीड मीटर अंतर कापायला पहिलीला सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो, तर दुसऱ्याला एखाद-दुसरा सेकंद सहज लागतो. तेवढ्यात आपण पाय उचलून धरलेला असतो.

प्रश्न : आमच्या वाडीत तांबड्या विंचवाचा दंश झालेल्या एका मुलाला दंशाच्या जागी फारशी सूज नव्हती, पण तो घामाने निथळत होता, त्याला उलट्या होत होत्या आणि हातपाय गार पडले होते. दंश पायाच्या बोटाला, मग त्रास सर्व शरीराला कसा? जुनी माणसे म्हणतात की पूर्वी अशी माणसे हमखास दगावत. (महाड तालुका)

उत्तर : या प्रश्नाला विस्ताराने उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण या उत्तराचा मोठा भाग आपल्याच तालुक्यात शोधला गेला आहे.

वर सांगितलेली सोडियमची द्वारे उघडल्यानंतर लगेच मिटली पाहिजेत. तांबड्या विंचवाच्या विषातील प्रथिने ती मिटू देत नाहीत. परिणामी ज्या चेतातंतूतून एक संदेश जायचा त्यातून संदेशांची न थांबणारी मालिका सुटते. दातांच्या दवाखान्यात हिरडीत टोचले जाणारे लिग्नोकेन हीच द्वारे बंद ठेवते आणि म्हणून जबडा बधिर होतो. विंचवाचे विष नेमके उलट करते. ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचते आणि त्याचा सर्वाधिक तडाखा स्वायत्त चेतासंस्थेला बसतो.

स्वायत्त चेतासंस्था हा आपल्या इच्छेविना चालणारा भाग आहे. त्याच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा संकटात हृदयाचे ठोके वाढवते, त्वचेतील रक्तवाहिन्या आवळते आणि घाम आणते. परानुकंपी शाखा ठोके मंद करते, लाळ व पाचकरस वाढवते, आतड्यांना चालना देते. निरोगी शरीरात दोघींचा तोल क्षणोक्षणी साधला जातो. विंचूदंशात दोन्ही शाखा एकदम बेभान होतात. सुरुवातीला उलट्या, लाळ व दरदरून घाम येतो, आणि मुलग्यांमध्ये लिंगाला सतत ताठरता येते. पालक संकोचामुळे हे लक्षण सांगत नाहीत, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. त्यानंतर अनुकंपी शाखेचा जोर वाढतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि त्या दाबाविरुद्ध काम करून थकलेले हृदय कमजोर झाल्याने फुप्फुसांत पाणी साचते. मृत्यू होतो तो यामुळे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी ही लक्षणे कोणत्या क्रमाने येतात याची नोंद केली आणि ती निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध येथे उपयोगी पडेल, असा तर्क करून त्यांनी ते वापरले आणि त्याचे परिणाम १९८६ मध्ये मांडले. या कामात डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्या सहकारी होत्या. एके काळी गंभीर विंचूदंशात सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. प्राझोसिनसोबत विंचूदंशाची प्रतिलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ मध्ये चाचणीतून दाखवले. स्वस्त गोळी, नेमके निरीक्षण आणि शरीरक्रियेचे पक्के ज्ञान यांच्या जोरावर एका ग्रामीण केंद्रातून जगाला उपचार मिळाला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

म्हणून जुन्या माणसांची आठवण खरी असली, तरी आज तसे होण्याचे कारण नाही. दंशानंतर केवळ जागेवर तीव्र वेदना असणे आणि घाम, उलटी, गार हातपाय असणे यांत फार मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः मुलांना, मंत्र, दोरी किंवा चिरा यांत एक मिनिटही न दवडता रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : कपाशीवर फवारणी केल्यानंतर माझ्या भावाच्या तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगाचे मांस थरथरू लागले. रुग्णालयात ॲट्रोपिनची इंजेक्शने वारंवार दिली आणि तो वाचला. कीटकनाशकाचा मेंदूवर परिणाम झाला होता का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आपला भाऊ वाचला हे वाचून फार समाधान वाटले. २०१७ च्या खरीप हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. कपाशी वाढून उंच झालेली, फवारा अंगावर आणि तोंडावर येणारा, आणि अनेकांच्या नाकातोंडाला साधा रुमालही नसलेला, हे चित्र तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आपण वर्णिलेली लक्षणे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांची आहेत. मोनोक्रोटोफॉस हे त्यांपैकीच एक. फवारणीची प्रत्येक विषबाधा याच गटाची असते असे नाही, परंतु आपल्या भावाच्या बाबतीत लक्षणे आणि उपचार दोन्ही याकडेच बोट दाखवतात. विषाचा थोडाफार परिणाम मेंदूवरही होतो, पण मुख्य आघात झाला तो संपर्कस्थानावर, म्हणजे दोन पेशींमधील फटीवर.

अक्षतंतूच्या टोकाशी आलेला विद्युत संदेश ही फट ओलांडू शकत नाही. तेथे रसायन बाहेर पडते आणि ते पलीकडील पेशीला जाऊन भिडते. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी पायाभूत ठरला. त्यांनी बेडकाच्या एका हृदयाची परानुकंपी चेता उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. त्या दुसऱ्या हृदयाला कोणत्याही चेतेचा स्पर्श नसताना त्याचेही ठोके मंद झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतांच्या टोकाशीही हेच रसायन असते. काम झाले की ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ते ताबडतोब तोडून टाकते, आणि म्हणूनच आपण बोट हलवून लगेच थांबवूही शकतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट या विकरालाच निकामी करते. ॲसिटिलकोलीन फटीत साचत जाते. ग्रंथींवर त्याचा परिणाम म्हणून लाळ, अश्रू व घाम वाहतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वासनलिकांत स्राव भरतो, हृदय मंदावते. स्नायू आधी थरथरतात आणि नंतर सततच्या उत्तेजनाने लुळे पडतात. श्वसनाचे स्नायू लुळे पडले तर कृत्रिम श्वासोच्छ्वासावाचून गत्यंतर नसते. ॲट्रोपिन ग्रंथी, हृदय व श्वासनलिका यांवरील ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखते. स्नायूंच्या दुर्बलतेवर मात्र त्याचा उपयोग नसतो, म्हणून रुग्णावर पुढील काही दिवस लक्ष ठेवावे लागते.

मागील पत्रातील मुलगाही घामाने निथळत होता आणि त्यालाही लाळ व उलट्या होत्या. तरीही विंचूदंशात ॲट्रोपिन देणे टाळतात, कारण तेथे परानुकंपी शाखा रोखली तर अनुकंपी शाखेला मोकळे रान मिळते आणि हृदयावरील ताण वाढतो. वरवर सारखी दिसणारी दोन माणसे, परंतु एकाचा बिघाड तंतूच्या सोडियमद्वारांत आणि दुसऱ्याचा फटीतील विकरात. त्यामुळे एकाला तारणारे औषध दुसऱ्याला मारक.

नाग आणि मण्यार यांच्या दंशातही हीच फट लक्ष्य असते. नागाचे विष स्नायूवरील ॲसिटिलकोलीनची जागा अडवून बसते, तर मण्यारचे विष चेतेचे टोकच निकामी करते, त्यामुळे रसायन बाहेरच पडत नाही. दोन्हींत पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि श्वास मंदावतो. नागदंशात प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन देतात. ते कीटकनाशकाप्रमाणेच विकराला रोखते, परंतु तात्पुरते आणि मोजून, जेणेकरून साचलेले ॲसिटिलकोलीन विषावर मात करू शकेल. मण्यारच्या दंशात त्याचा फारसा लाभ होत नाही, कारण साचण्यासाठी रसायनच उरलेले नसते.

पुन्हा कोणावर असा प्रसंग आला तर त्याचे कपडे ताबडतोब उतरवावेत, अंग, केस आणि नखे साबणाने व भरपूर पाण्याने धुवावीत आणि कीटकनाशकाची बाटली रुग्णालयात सोबत न्यावी. दूध किंवा तूप पाजू नये, उलटी करवू नये. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत, कारण हे विष त्वचेतून शिरते.

प्रश्न : माणूस मेंदूचा केवळ १० टक्के भाग वापरतो आणि उरलेला जागृत करता येतो, असे एका शिबिरात सांगितले. हे खरे आहे का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो. नऊ-दशांश भाग निरुपयोगी असता तर एवढा खर्च शरीराने सोसला नसता, आणि मेंदूच्या बहुतेक भागांना इजा होऊनही काही बिघडले नसते. प्रत्यक्षात लहानशा रक्तस्रावानेही वाचा किंवा दृष्टी जाऊ शकते. अशा दाव्यांवर पैसे खर्च करू नयेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आता दोन्ही पावलांना मुंग्या येतात आणि रात्री जळजळ होते. हे पक्षाघाताचे पूर्वलक्षण आहे का? (नागपूर)

उत्तर : आपण 'दोन्ही पावलांना' असे लिहिले आहे, आणि हा तपशील महत्त्वाचा आहे. मोठ्या मेंदूपासून निघणारे हालचालींचे तंतू मस्तिष्कपुच्छाच्या खालच्या भागात बहुतांशी दुसऱ्या बाजूला जातात, म्हणून मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते. पक्षाघाताचा त्रास साधारणतः अचानक आणि एका बाजूला होतो : चेहरा वाकडा होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे. असे झाल्यास वडिलांना तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मधुमेहात पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून घरातील सर्वांना ही लक्षणे ठाऊक असावीत.

दोन्ही पावलांत हळूहळू सुरू झालेल्या मुंग्या मात्र परिघीय चेतांच्या विकाराकडे निर्देश करतात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने अक्षतंतूंचे आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचे नुकसान होते. पेशीकायापासून सर्वांत दूर असलेल्या टोकापर्यंत पोषण पोहोचवणे सर्वांत कठीण असल्याने लांब तंतू आधी निकामी होतात, आणि शरीरातील सर्वांत लांब तंतू पावलांचे असतात. त्रास घोट्यावरून पोटरीपर्यंत चढल्यावर मग बोटांची टोके बधिर होऊ लागतात.

या विकारात जळजळीपेक्षा बधिरपणाचा धोका अधिक. वेदना जाणवत नाही म्हणून चपलेतील खडा, गरम पाण्याच्या शेकाने झालेली भाजणी किंवा चिघळलेली जखम कळतच नाही. वडिलांनी रोज रात्री पावलांचे तळवे आरशात पाहावेत, अनवाणी चालू नये, मग ते देवळात जाणे असो वा वारी असो, आणि पाण्याचे तापमान दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे. पातळ नायलॉनचा धागा आणि कंपन देणारा चिमटा यांनी डॉक्टर पावलांची संवेदना काही मिनिटांत तपासू शकतात. ही तपासणी वर्षातून एकदा झालीच पाहिजे. ते मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध घेत असतील किंवा शाकाहारी असतील तर रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वही तपासावे, कारण मायलिन सुस्थितीत राहण्यासाठी ते आवश्यक असते आणि त्याची उणीव भरून काढता येते. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्यावी. त्याचे जिवाणू परिघीय चेतांभोवती मायलिन तयार करणाऱ्या पेशींतच वस्ती करतात. शासकीय रुग्णालयात यावर विनामूल्य औषधे मिळतात आणि वेळेवर घेतल्यास आजार पूर्ण बरा होतो.

प्रश्न : आंबे उतरवताना झाडावरून पडून माझ्या बंधूंच्या पाठीच्या मणक्याला मार लागला. हात चांगले चालतात, पण पाय हलत नाहीत आणि लघवीवर ताबा राहिलेला नाही. कापलेल्या बोटाची शिवलेली चेता पुन्हा वाढते असे ऐकले. मग मेरुरज्जू का वाढत नाही? (कुडाळ)

उत्तर : हातांच्या चेता मानेच्या खालच्या भागातून आणि छातीच्या पहिल्या मणक्यापाशी निघतात, तर पायांच्या कमरेतून व त्याखालून. आपल्या बंधूंना मार या दोहोंच्या मध्ये किंवा खाली लागलेला असल्याने हात शाबूत आहेत. लघवीवरील ताबा मेरुरज्जूच्या अगदी खालच्या टोकाशी असलेल्या केंद्रातून चालतो, म्हणून वर कोठेही इजा झाली तरी त्याचा मेंदूशी असलेला संबंध तुटतो.

आपण ऐकले ते खरे आहे. परिघीय चेता कापली गेली तर तिचा अक्षतंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो, कारण तेथील आधारपेशी त्याला वाट दाखवतात. मेरुरज्जूत मायलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या असून त्यांच्या मायलिनमधील काही घटक उलट वाढ रोखतात, आणि इजेच्या जागी व्रणही तयार होतो. ही अडचण दूर करण्यासाठी जगभर संशोधन चालू आहे, परंतु तुटलेला मेरुरज्जू पूर्ववत करणारा सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही. मूळपेशींच्या इंजेक्शनांनी पाय चालू करून देतो असे कोणी सांगून लाखो रुपये मागितले, तर कृपया देऊ नयेत.

याचा अर्थ करण्यासारखे काही नाही असा मुळीच नाही. बंधूंच्या पायांत किंवा गुदद्वाराभोवती थोडीशी जरी संवेदना शिल्लक असेल, तर सर्व तंतू तुटलेले नाहीत आणि सुधारणेला वाव आहे. पहिल्या वर्षात ती सर्वाधिक होते, म्हणून व्यायामोपचार आत्ताच सुरू करावेत. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी, कारण बधिर त्वचेला दाब कळत नाही आणि शय्याव्रण होतात. लघवी तुंबून राहू देऊ नये. ठरावीक वेळाने स्वच्छ नळीने ती काढण्याची पद्धत त्यांना स्वतःला शिकून घेता येते आणि त्यामुळे मूत्रपिंडे सुरक्षित राहतात. हात सशक्त असल्याने ते चाकाच्या खुर्चीवर स्वावलंबी होऊ शकतात, उपजीविकेचे कामही करू शकतात.

आपल्या परिसरात आंब्याच्या व नारळाच्या झाडांवरून पडण्याचे अपघात होतात, म्हणून सर्वांसाठी एक सूचना देतो. पडलेल्या माणसाला बसवू नये, हातपाय धरून झोळीसारखे उचलू नये आणि रिक्षात दुमडून घालू नये. मणका मोडला असून मेरुरज्जू वाचलेला असेल, तर अशा उचलण्यानेच तो दाबला जाण्याची शक्यता असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून त्याला जागचा हलू देऊ नये, आणि हलवणे अपरिहार्यच असेल तर तीन-चार जणांनी मिळून एकाच वेळी फळीवर किंवा दाराच्या पल्ल्यावर सरकवावे.